मोबाईल किती इंची घ्यावा?

घरात नवीन मोबाईल घ्यायचे ठरले की दोन प्रश्नांवर चर्चा होते. पहिला प्रश्न किमतीचा. त्याचे उत्तर पगार आणि हप्ता यांच्याकडे पाहून मिळते. दुसरा प्रश्न स्क्रीनचा, म्हणजे फोन केवढा असावा याचा, आणि इथे मात्र प्रत्येकाचे मत वेगळे. मुलगा म्हणतो, "पप्पा, सहा पॉइंट सातच्या खाली घेऊच नका." आई म्हणते, "एवढा पाटा माझ्या हातात मावत नाही." आजोबांना अक्षर मोठे हवे असते. दहावी-बारावीच्या मुलीला बहुधा कोणी विचारीत नाही, कारण फोन तिच्यासाठी घ्यायचाच नसतो. तिला तो रात्री, सर्वांचे झाल्यावर मिळतो.

उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथच्या एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्या, बदलापूरच्या पूर्व-पश्चिमेच्या चाळी आणि लहान फ्लॅट या पट्ट्यातील कष्टकरी माणसांच्या घरात वेगळा संगणक क्वचितच असतो. मोबाईल हीच बँक, हेच तिकीट, हाच रेडिओ, आणि मुलांचे पुस्तकही हेच. श्रीमंताच्या घरी स्क्रीन लहान पडली तर तो लॅपटॉप उघडतो. आपल्याकडे ती लहान पडली तर काम अडते. म्हणून हा प्रश्न हौसेचा समजू नये. मी पेशाने कारकून, आकडेमोडीची सवय. तेव्हा हिशेबानेच या प्रश्नाकडे पाहू.

इंच म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट अशी की दुकानदार सांगतो तो आकडा स्क्रीनच्या रुंदीचा नसतो आणि उंचीचाही नसतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे ते अंतर असते. टीव्हीदेखील असाच मोजतात. गणितात आपण त्याला कर्ण म्हणतो.

कर्ण वाढला म्हणून स्क्रीन रुंद होतेच असे नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक स्मार्टफोनची स्क्रीन १६ : ९ या प्रमाणात असे. २०१७ सालापासून लांबट स्क्रीनचे फोन बाजारात भराभर आले आणि आता २० : ९ हे प्रमाण सर्रास दिसते. या दोहोंचा हिशेब शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाने कोणालाही करता येईल. जुना १६ : ९ प्रमाणाचा साडेपाच इंची फोन घेतला तर स्क्रीनची रुंदी येते सुमारे ६.८५ सेंटिमीटर आणि उंची १२.२ सेंटिमीटर. नवा २० : ९ प्रमाणाचा साडेसहा इंची फोन घेतला तर रुंदी येते सुमारे ६.८ सेंटिमीटर आणि उंची १५ सेंटिमीटर. म्हणजे खोक्यावर एक इंच वाढला, पण रुंदी केसभर कमीच झाली. वाढली ती फक्त उंची.

याचा परिणाम काय होतो पाहा. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडीओ १६ : ९ प्रमाणाचे असतात. फोन आडवा धरून असा व्हिडीओ लावला की नव्या लांबट स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात आणि मधले चित्र जुन्या साडेपाच इंची फोनवर दिसायचे तेवढेच दिसते. चित्र ताणून पट्टे घालवता येतात, पण मग वरचा-खालचा भाग कापला जातो. वाचण्याच्या ओळीची लांबीही रुंदीवरच ठरते, त्यामुळे तीही तेवढीच राहते. जादा उंचीचा खरा उपयोग एकच, एका वेळी जास्त ओळी दिसतात. अर्ज भरताना खालचा भाग कीबोर्ड अडवतो, तेव्हा वर थोडी मोकळी जागा राहते. हा फायदा खरा आहे. पण "मोठी स्क्रीन" म्हणून आपण जे डोळ्यांसमोर आणतो ते हे नव्हे.

म्हणून दुकानात जाताना खिशात सहा इंची पट्टी ठेवावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे. आपल्याला स्क्रीनची रुंदी मोजायची आहे.

लहानाचे मोठे कसे झाले?

भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या वेळचे फोन बोलण्यासाठी होते. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आपल्यापैकी अनेकांनी वापरला. बोटभर स्क्रीन आणि डोक्यावर टॉर्च, एवढ्यावर घर चालायचे. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनची स्क्रीन साडेतीन इंची आणि वजन १३५ ग्रॅम होते. २०१० साली अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी, हाताच्या पकडीत न बसणारे मोठे फोन कोणी घेणार नाही, असे मत जाहीरपणे मांडले होते. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला. तेव्हा लोक त्याला हसले, पण त्याचा खप झाला. २०१४ मध्ये खुद्द अ‍ॅपलने साडेपाच इंची फोन काढला. जॉब्स यांचे निधन २०११ मध्येच झाले होते.

आपल्याकडे खरा बदल झाला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. फोनवर बोलण्यापेक्षा पाहणे वाढले आणि पाहायचे तर स्क्रीन मोठी हवी असे सर्वांना वाटू लागले. २०१७ मध्ये आलेल्या बटनांच्या जिओफोनची स्क्रीन २.४ इंची होती. तो घेणाऱ्या पुष्कळ घरांनी पुढे टच स्क्रीन घेतला.

मग लहान फोन मागे का पडले? अ‍ॅपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंची "मिनी" फोन काढून पाहिले. खप म्हणावा तसा झाला नाही आणि २०२२ पासून नवीन मिनी आलाच नाही. आज सहा-सव्वासहा इंची फोन मिळतात ते बहुतेक महागड्या श्रेणीत. स्वस्त श्रेणीत दुकानदार पुढे ठेवतो तो ६.६ ते ६.९ इंचीच. कारण सरळ आहे. मोठ्या खोक्यात मोठी बॅटरी सहज बसते आणि ज्याच्याकडे दुसरे कोणतेच यंत्र नाही त्याला मोठी स्क्रीन विकणे सोपे जाते. त्यामुळे परिस्थिती अशी उलटी झाली आहे की लहान, हातात बसणारा फोन ही श्रीमंताची निवड झाली आणि कष्टकऱ्याच्या हातात सर्वांत मोठा, सर्वांत जड फोन आला.

हाताचा हिशेब

आता हा फोन हातात कुठे कुठे असतो ते पाहू. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. एका फेरीला दीड तासाच्या आसपास वेळ जातो. सकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळाले तर नशीब. बहुतेकांचा एक हात वरच्या कडीत आणि दुसऱ्या हातात फोन. अशा वेळी अंगठा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. मग माणूस फोन तळव्यावर पुढे सरकवतो आणि नेमका त्याच क्षणी तो निसटतो. दरवाजात उभे राहणाऱ्यांच्या हातावर खालून फटका मारून फोन पाडणारे चोर आपल्या मार्गावर आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पुरता मुठीत न बसणारा फोन त्यांना सोपा जातो.

सहा पॉइंट सात इंची फोन कडा आणि कव्हर धरून साडेसात-आठ सेंटिमीटर रुंद भरतो. वजन दोनशे ग्रॅमच्या घरात जाते. पहिल्या आयफोनच्या जवळजवळ दीडपट. पुरुषांच्या शर्टाच्या खिशातून तो वर डोकावतो आणि वाकले की पडतो. भगिनींच्या साडीला आणि बहुतेक पंजाबी ड्रेसना तर खिसाच नसतो. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांत कामाला जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या किंवा दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या भगिनींना दिवसभर फोन अंगाजवळ ठेवावा लागतो, कारण मुलाच्या शाळेतून केव्हा फोन येईल सांगता येत नाही. त्यांच्यासाठी फोन कंबरेच्या बटव्यात मावतो की नाही हा पहिला प्रश्न असतो. स्क्रीनवर सिनेमा कसा दिसतो हा नंतरचा.

फोन घेताना घरातील पुरुष दुकानात जातो, त्याच्या पंजाला बसेल असा फोन निवडतो आणि तोच जुना झाल्यावर पत्नीला देतो. ही रीत मोडली पाहिजे. ज्याच्या हातात फोन राहणार त्या व्यक्तीने स्वतः दुकानात जाऊन तो धरून पाहावा. एका हाताने धरून त्याच हाताच्या अंगठ्याने एक नंबर फिरवावा, वरच्या पट्टीला स्पर्श करून पाहावा. आधीच मोठा फोन घेतला असेल तर सेटिंगमध्ये "वन हँडेड मोड" शोधावा. अनेक फोनमध्ये तो असतो. त्याने स्क्रीनवरचा मजकूर खाली अंगठ्याच्या टप्प्यात येतो.

डोळ्यांचा हिशेब

मोठी स्क्रीन घेण्याचे दुसरे कारण सांगितले जाते ते डोळ्यांचे. चाळिशी उलटली की जवळचे अंधुक दिसू लागते. डोळ्यातील भिंग वयानुसार ताठर होते आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिर होत नाही. आपल्या भाषेने तर या चष्म्यालाच "चाळिशी" असे नाव देऊन ठेवले आहे. पण पुष्कळ माणसे चाळिशीचा चष्मा टाळतात आणि त्याऐवजी मोठा फोन घेतात. हा महागडा उपाय आहे आणि तो पुरा पडत नाही. वर पाहिल्याप्रमाणे रुंदी फारशी वाढलेलीच नसते. वाचण्याचा चष्मा काही शे रुपयांत होतो, फोनला काही हजार लागतात. आधी डोळे तपासून घ्यावेत.

दुसरा उपाय फुकटचा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये "डिस्प्ले" या भागात अक्षराचा आकार वाढवण्याची सोय असते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "चॅट्स" या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वेगळा ठरवता येतो. घरातील मुलांनी आजी-आजोबांचा फोन घेऊन पाच मिनिटांत हे करून द्यावे. पैसे पाठवताना १५०० आणि १५००० यांतला एक शून्य नीट दिसणे ही साधी गोष्ट नव्हे. त्यात कोणाची महिन्याची कमाई असते.

तिसरी बाब आपल्या लिपीशी संबंधित आहे. स्क्रीनवरचे अक्षर बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. स्वस्त मोठ्या फोनमध्ये रुंदीला ७२० ठिपके असतात, त्याहून बऱ्या फोनमध्ये १०८०. पावणेसात इंचांच्या आसपासच्या स्क्रीनवर पहिल्या प्रकारात एका इंचात सुमारे २६० ठिपके येतात, दुसऱ्यात सुमारे ३९०. इंग्रजी अक्षर कमी ठिपक्यांतही चालून जाते. देवनागरीत मात्र वर रफार, अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर. "बुद्ध" या शब्दातला "द्ध" किंवा "सूक्ष्म" मधला "क्ष्म" लहान आकारात वाचताना हा फरक जाणवतो. म्हणून दुकानात फोन पाहताना रंगीत चित्र पाहून भुलू नये. एखादे मराठी वर्तमानपत्र त्यावर उघडून बारीक मजकूर वाचून पाहावा. दोन फोन सारख्या किमतीचे असतील, एक मोठा ७२० चा आणि दुसरा थोडा लहान १०८० चा, तर वाचणाऱ्याने दुसरा घ्यावा.

पानाचा हिशेब

आता मुलांच्या अभ्यासाकडे वळू, कारण खरी गरज इथे आहे.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले. तेव्हा एका फोनमागे दोन-तीन मुले, आणि वडील कामावर निघाले की फोनही त्यांच्याबरोबर जायचा. शाळा पुन्हा उघडल्या, पण अभ्यासाचा बराच भाग फोनवरच राहिला. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंडही पीडीएफच्या रूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. एके काळी हे खंड मिळवण्यासाठी माणसे दुकानांत खेटे घालत. आज ते खिशात मावतात, पण वाचता येतात का, हा प्रश्न उरतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे स्वतःला बसवून घेतो. पीडीएफचे पान तसे करीत नाही. ते छापील पानाचे चित्रच असते, सेटिंगमध्ये अक्षर कितीही वाढवा, त्यावर परिणाम होत नाही. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. ते पान ६.८ सेंटिमीटर रुंदीच्या फोनवर आले की एक तृतीयांशाहूनही लहान होते. कागदावर तीन मिलिमीटर उंच असलेले अक्षर फोनवर जेमतेम एक मिलिमीटर उरते. मग मुलगी दोन बोटांनी पान मोठे करते, ओळ अर्धी दिसते, ती पान उजवीकडे सरकवते, पुन्हा डावीकडे आणते. गणितातली आकृती एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला. अशाने तासाभरात डोके दुखते आणि घरचे म्हणतात, हिचे अभ्यासात लक्ष नाही.

साडेसहाऐवजी पावणेसात इंची फोन घेतला तर रुंदी दोन-तीन मिलिमीटरने वाढेल. त्याने हा प्रश्न सुटत नाही. फोनच्या आकारात पुस्तकाचे पान बसवण्याचा प्रयत्नच चुकीचा आहे. तात्पुरता उपाय म्हणजे फोन आडवा धरणे. मग पानाला १५ सेंटिमीटर रुंदी मिळते आणि तीन मिलिमीटरचे अक्षर दोन मिलिमीटरचे होते. वाचण्याजोगे, पण एका वेळी थोड्याच ओळी. कायमचा उपाय म्हणजे सुमारे दहा इंची टॅब्लेट. १६ : १० प्रमाणाचा १०.१ इंची टॅब्लेट आडवा धरला तर त्याची रुंदी सुमारे २१.७ सेंटिमीटर भरते, म्हणजे ए-फोर पान पूर्ण रुंदीने, मूळ आकारात दिसते.

इथे घरातील कर्त्या माणसाने एक हिशेब करावा. महागडा मोठा फोन हप्त्याने घेण्याऐवजी मध्यम किमतीचा, हातात बसणारा फोन घ्यावा आणि वाचलेल्या रकमेत थोडी भर घालून मुलांसाठी साधा टॅब्लेट घ्यावा. नवा परवडत नसेल तर पावतीसह, खात्रीच्या माणसाकडून जुना घ्यावा. तेही शक्य नसेल तर महत्त्वाची प्रकरणे छापून घ्यावीत. कागदाचे पान मोठ्यात मोठ्या फोनपेक्षा वाचायला चांगले आणि ते चार्ज करावे लागत नाही. टॅब्लेटचा आणखी एक फायदा असा की तो वडिलांच्या खिशात कामावर जात नाही. तो घरातच राहतो, म्हणून मुलीला दिवसाउजेडी मिळतो.

दुकानात जाण्यापूर्वी

थोडक्यात सांगायचे तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. इंचाचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. स्क्रीनची रुंदी पट्टीने मोजावी आणि जुन्या फोनशी ताडून पाहावी.

२. प्रवासात आणि कामावर वापरायचा फोन एका मुठीत बसला पाहिजे. माझ्या मते सहा ते साडेसहा इंचांच्या दरम्यानचा लांबट फोन बहुतेकांना पुरेसा आहे. त्याहून मोठा घ्यायचा तर तो बसून वापरायचा आहे, हे गृहीत धरावे.

३. ज्याला दिसत नाही त्याने आधी चष्मा करावा आणि अक्षर मोठे करावे, फोन नंतर बदलावा.

४. मराठी वाचणाऱ्याने ठिपक्यांची संख्या विचारावी. ७२० पेक्षा १०८० चांगले.

५. स्क्रीन फुटली तर बदलण्याचा खर्च किती, हे घेतानाच विचारावे. दुरुस्तीवाले त्या भागाला "फोल्डर" म्हणतात. काही फोनमध्ये त्याची किंमत ऐकून नवा फोनच बरा वाटतो.

६. अभ्यासासाठी फोन मोठा करू नये. अभ्यासासाठी टॅब्लेट, संगणक किंवा छापील कागद.

एक सूचना वस्त्यांतील मंडळांना. प्रत्येक घराला टॅब्लेट घेणे जमणार नाही, हे मान्य. पण आपल्या अनेक विहारांत आणि समाजमंदिरांत अभ्यासिका चालतात. तेथे टेबले आहेत, पंखा आहे, रात्रीचा दिवा आहे. जयंतीच्या वर्गणीचा ताळेबंद मांडताना मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या खाली एक ओळ "अभ्यासिकेसाठी टॅब्लेट" अशी घालता येईल. एका वर्षी दोन, पुढच्या वर्षी दोन. त्यांत बालभारतीची पुस्तके, प्रश्नपत्रिका आणि बाबासाहेबांचे खंड एकदाच उतरवून ठेवले की रोजचा डेटाही लागत नाही. सही करून घ्यायचे, तिथेच बसून वाचायचे, सही करून परत करायचे. सांभाळण्यासाठी एक वही आणि एक जबाबदार मुलगी पुरे. आणि त्या वहीत पहिले सहा महिने मुलींची नावे किती आली, तेही मंडळाने जरूर मोजून पाहावे.